तांगफुगचं जातं

छिमेचा फोन आला तेव्हा हेमांगी साताऱ्याच्या घरी गवार निवडत बसली होती.

"हेमा, दूध नासतंय," छिमे म्हणाली. ना नमस्कार, ना ख्यालीखुशाली.

या दोघी तीस वर्षं एकमेकींशी हिंदीतच बोलत आल्या होत्या. छिमेच्या हिंदीला लाहौलच्या डोंगरी बोलीचा हेल होता, हेमांगीच्या हिंदीला साताऱ्याचा. दोघींना दुसरीचं हिंदी आपल्यापेक्षा वाईट वाटायचं.

"उन्हाळ्यात नासतंच गं दूध," हेमांगी म्हणाली.

"ताजं दूध नासतंय. आत्ता काढलेलं. टाकीच्या पाण्यात चहा केला तर ठीक होतो. नाल्याच्या पाण्यात केला की फाटतो. शेजारणीकडेही तेच. सगळ्या म्हणतात, नाल्याला दृष्ट लागली. म्हटलं, तुला विचारावं."

हेमांगीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "नाल्यातले दगड कसे दिसतात?"

"तांबडे. जुन्या पत्र्यासारखे. मागच्या वर्षीपर्यंत नव्हते."

"जनावरं पितात ते पाणी?"

"तोंड लावतात आणि परत येतात."

"तुम्हीही पिऊ नका," हेमांगी म्हणाली. "कुणालाच पिऊ देऊ नका. मी येते."

फोन ठेवून तिने प्रवासाची बॅग काढली. जे घडलं होतं ते तिला नवीन नव्हतं. ते घडणार हे तिने आणि कौस्तुभनेच सगळ्यांच्या आधी सांगितलं होतं. फक्त ते आपल्या हयातीत घडेल असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

हेमांगी आणि कौस्तुभ दातीर दोघेही भूरसायनाचे संशोधक. लग्न झाल्यावरचे त्यांचे पहिले उन्हाळे तांगफुगमध्ये गेले. तांगफुग म्हणजे लाहौलमधलं मूठभर घरांचं गाव. सपाट माळवदांची घरं, कडेने विलोची झाडं, वाटाण्याची नि बटाट्याची शेतं, आणि गावाच्या डोक्यावर हिमनदी. तेव्हा ती इतकी खाली उतरलेली होती की छिमेच्या अंगणातून तिचं मळकट टोक दिसायचं. छिमे नुकतीच त्या घरात सून म्हणून आली होती आणि हे दोन पाहुणे तिच्या घरी भाड्याने राहायचे.

लांबून पाहणाऱ्याला हिमनदी स्वस्थ पडलेली वाटते, पण ती सरकत असते. तिच्या तळाशी वितळलेल्या पाण्याचा पातळ थर असतो. त्यावरून ती वर्षाला थोडीथोडी खाली घसरते, आणि घसरताना पोटाशी धरलेले दगडगोटे खालच्या खडकावर घासत नेते. खडकाचं पीठ होतं, मैद्याहून बारीक. म्हणून हिमनदीतून निघणारं पाणी पातळ ताकासारखं दिसतं. अख्ख्या दगडाला पाणी फारसं काही करू शकत नाही. पण त्याच दगडाचं पीठ झालं की त्याचा कण न् कण पाण्याच्या तावडीत सापडतो. खडीसाखर आणि पिठीसाखर यांत जो फरक, तोच हा.

तांगफुगच्या बर्फाखाली पाटीसारखा काळा दगड होता. त्यात पायराइटचे सोनेरी ठिपके होते, म्हणजे लोखंड आणि गंधक. पायराइटच्या पिठाला पाणी आणि हवा मिळाली की त्यातून गंधकाचं आम्ल तयार होतं. गावाचं नशीब असं, की काळ्या दगडाच्या पुढे चुनखडीचा पट्टा होता. आम्ल त्यावरून वाहताना फसफसायचं, मरायचं, आणि नाल्यात येणारं पाणी गोडच असायचं. त्या फसफसण्यात चुनखडीत कोट्यवधी वर्षं कोंडलेला कार्बन डायऑक्साइड मोकळा होऊन हवेत जायचा. गाव वाचायचं, हवा मात्र तेवढी जास्त तापायची.

कौस्तुभ आणि हेमांगीच्या लक्षात आलं होतं, की दर उन्हाळ्यात हे आम्ल वाढतंय. बर्फ जास्त वितळत होता, वरचं पाणी भेगांमधून तळाशी जास्त पोचत होतं आणि आपल्याबरोबर हवा नेत होतं. हिमनदी मागे हटेल तसा पाण्याचा रस्ता बदलेल, एक दिवस ते चुनखडीला वळसा घालून थेट काळ्या दगडावरून गावात येईल, असं त्यांनी मांडलं. परिषदांमध्ये लोकांनी माना डोलावल्या. छिमेला सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "तोवर आपण नसू ना? मग जेवायला चला."

आता कौस्तुभ नव्हता. हृदयविकाराने तो गेला त्याला काही वर्षं झाली होती. आणि त्याच्यामागे हेमांगीला तांगफुग अधिकच आठवायला लागलं होतं. बर्फाच्या टोकाशी पालथा पडून बर्फाला कान लावणारा, दाढीला दहिवर लागलेला कौस्तुभ. आतून घरघर यायची, मग लांबवर काहीतरी कडाडायचं. "ये, ऐक," तो ओरडायचा. "जातं चाललंय बघ!" हिमनदीला जातं हे नाव त्याचंच. हेमांगीकडून ते छिमेने उचललं आणि छिमेकडून गावाने. अख्ख्या लाहौलमध्ये जातं हा मराठी शब्द माहीत असलेलं ते एकच गाव असावं.

हेमांगी तिथे जायला निघाली त्याच्या आदल्या दिवशी तिच्या मुलीचा, ऋताचा फोन आला.

"आई, तांगफुगचं कळलं. पाण्याचे नमुने आमच्याकडेच आलेत. आमची तुकडी तिथे जातेय."

ऋताची तुकडी काय करते हे हेमांगीला ठाऊक होतं. ते लोक हिमनद्या थांबवत.

त्यांची रीत ऐकायला अगदी साधी होती. बर्फाला भोक पाडून तळापर्यंत एक बंद नळी सोडायची. नळीत असा वायू, जो थंडीत द्रव होतो. हिवाळ्यात वरची हवा बर्फाच्या तळापेक्षा कितीतरी थंड असते. नळीच्या वरच्या टोकाला वायूचा द्रव व्हायचा, ओघळत तळाशी जायचा, तिथली ऊब पिऊन पुन्हा वायू व्हायचा आणि वर यायचा. वीज नाही, पंप नाही. वरचा हिवाळा खाली नेऊन ओतायचा, एवढंच. अशा शेकडो नळ्या रोवल्या की एकदोन हिवाळ्यांत हिमनदीचा तळ गोठून खडकाला घट्ट चिकटायचा. मग घसरणं बंद, दळणं बंद, पाणी नाही, हवा नाही. आम्लही बंद. लडाखमधल्या एका लहानशा हिमनदीवर त्यांनी हे करून पाहिलं होतं.

"गावाची संमती लागते," ऋता म्हणाली. "आणि गाव म्हणतंय, हेमाला विचारल्याशिवाय आम्ही काही सांगणार नाही."

तांगफुगला पोचल्यावर हेमांगी गाडीतून उतरली आणि तिने सवयीने वर पाहिलं. हिमनदीचं टोक दिसेना. ते वळणापलीकडे वर सरकलं होतं. दिसत होता तो नुसता दगडगोट्यांचा पसरट उतार आणि त्यातून आलेली तांबडी रेघ.

छिमे गुडघे धरत पायऱ्या उतरून आली. केस पांढरेशुभ्र, गाल तसेच लाल. तिने हेमांगीला नखशिखांत न्याहाळलं.

"म्हातारी झालीस," ती म्हणाली.

"तू नाही वाटतं?"

"मी इथलीच आहे. माझ्याकडे रोज बघतात, म्हणून कळत नाही." मग तिने मागे उभ्या असलेल्या ऋताला जवळ ओढलं. "हिला मी पाठीवर बांधून शेतात काम केलंय. तेव्हा ही एवढी उंच नव्हती."

"छिमे मावशी, तुझ्या पाठीवरून मला काय दिसायचं?" ऋताने विचारलं.

"वाटाणे. आणि तू ते खायचीस."

दुपारी तिघी नाल्यावर गेल्या. पाणी स्वच्छ, पूर्वीपेक्षा नितळच होतं, आणि तेच भीतीचं होतं, कारण आम्लाच्या पाण्यात दगडाचं पीठ गोळा होऊन तळाशी बसतं. दगडांवर पिवळट-तांबडी साय चढली होती. काठाचं गवत जळलं होतं. गावकऱ्यांनी कुणाच्या तरी सल्ल्याने चुनखडीचे तुकडे नाल्यात टाकले होते. हेमांगीने एक उचलून दुसऱ्यावर आपटला. बाहेरून गंजाची टणक साल, आत पांढरी शुभ्र चुनखडी, जशीच्या तशी. साल चढली की आतला चुना पाण्याला भेटतच नाही.

"टाकीचं पाणी पिण्यापुरतं पुरतं," छिमे म्हणाली. "शेताला काय द्यायचं? मुलगा म्हणतो, कुल्लूला चल, तिथे दोन खोल्या आहेत. शेजारचे गेलेच."

"अजून एक वर्ष मोजमाप करून पाहू," हेमांगी म्हणाली. "पाण्याचा रस्ता पुन्हा बदलू शकतो. कदाचित चुनखडीवरून..."

"आई," ऋता मध्येच म्हणाली, "तू नमुने पाहिलेस. रस्ता बदलणार नाही, हे तूच लिहिलं होतंस."

"एकदा गोठवली की ती हिमनदी राहत नाही, ऋता. नुसता बर्फाचा गठ्ठा राहतो. तो खाली येत नाही. वर पडलेलं हिम वरच राहतं आणि खालचं टोक वितळत जातं. तुझ्या मुलांना इथे उघडा डोंगर दिसेल."

"उघडा डोंगर दिसेल, पण पाणी पिता येईल. उघड्या पडलेल्या खडकाचंही थोडं आम्ल होईल, पण दळलेल्या पिठासारखं नाही. तेवढं आम्हाला सांभाळता येतं." ऋताचा आवाज चढला. "तू हिमनदीसाठी बोलतेयस की बाबासाठी?"

हेमांगीने हातातला चुनखडीचा तुकडा खाली टाकला. छिमेला मराठी कळत नव्हतं, पण दोघींचे चेहरे कळत होते. ती पुढे झाली आणि घराकडे चालू लागली. या दोघींना एकत्र सोडलेलं बरं, असं तिला वाटलं असावं. पण त्या दोघीही तिच्या मागोमाग निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोम्पाच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, अंगणात गाव जमलं. गावचा प्रधान, म्हणजे सरपंच, तंडुप हा तिशीतला शेतकरी होता. त्याने हेमांगीला खुर्ची दिली आणि बाकीचे ओट्यावर, दगडांवर बसले. ऋताने नळ्यांची माहिती सांगितली. मग हेमांगी उठली. गोठवली तर काय मिळेल आणि काय जाईल, दोन्ही तिने काही न लपवता सांगितलं. पाणी गोड होईल. पण उन्हाळ्यातला नाला बारीक होईल, खालच्या पायऱ्यांवरची शेतं बहुधा सोडावी लागतील. हिमनदीचं टोक हळूहळू दिसेनासं होईल. आणि आवाज थांबेल.

"तुमचं मत काय, मॅडम?" तंडुपने विचारलं. "तुम्ही सांगाल तसं करू."

"मला विचारू नका," हेमांगी म्हणाली. "मी इथे येते तेव्हा मला माझं तरुणपण ऐकू येतं. मी म्हणेन, राहू दे. पण मी म्हणेन आणि साताऱ्याला निघून जाईन. हे पाणी मला प्यायचं नाही."

मग छिमे बसल्या जागेवरून बोलली, आपल्या बोलीत. तंडुपने ते हेमांगीला हिंदीत सांगितलं, तरी ती काय म्हणतेय हे हेमांगीला आधीच कळलं होतं.

"थांबवा," छिमे म्हणत होती. "जातं गेलं तरी गाव राहील. गाव गेलं तर जात्याकडे बघायला कोण राहणार? आम्हाला कुल्लूच्या खोलीत बसून आठवण काढायची नाही."

म्हाताऱ्यांपैकी दोघांनी विरोध केला, बराच वाद झाला, पण दुपारपर्यंत हात वर झाले ते थांबवण्याच्या बाजूने.

नळ्या कुठे रोवायच्या हे ठरवायला हेमांगीच लागणार होती. रडारवर तळाचा आकार दिसत होता, पण कुठला दगड कुठे आहे, काळा कुठे संपतो नि चुनखडी कुठे सुरू होते, हे तिने आणि कौस्तुभने चालून, फोडून, चाखून शोधलेलं होतं. मी नाही येत, असं ती म्हणू शकली असती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती बूट घालून दारात उभी राहिली.

मायलेकी बर्फावर चढल्या. हेमांगी जागा दाखवत होती, ऋता झेंड्या रोवत होती. मधूनच पायांखालून घरघर यायची आणि हेमांगी थबकायची. एका मोठ्या दगडाच्या आडोशाला दोघी भाकरी खायला बसल्या.

"परवा मी बोलले ते..." ऋता म्हणाली.

"खरंच बोललीस."

"बाबा इथे फार सुखात होता का गं? तू नेहमी सांगतेस ना, तो कसा कान लावून ऐकायचा."

हेमांगीने भाकरीचा एक तुकडा मोडला. तिला हसू आलं.

"नाही गं," ती म्हणाली. "त्याला उंची मानवायची नाही. रोज डोकं दुखायचं. जेवण जायचं नाही. शेवटच्या उन्हाळ्यात तर आमचं इतकं भांडण झालं, की मी तुला घेऊन छिमेच्या खोलीत झोपायला गेले होते. त्याला घरी जायचं होतं, मला थांबायचं होतं. कान लावून ऐकणं वगैरे झालं असेल दोनतीनदा."

"मग इतकी वर्षं तू मला..."

"तो गेल्यावर तेवढंच वर आलं. बाकीचं तळाला बसलं." हेमांगीने तुकडा तोंडात टाकला. "डोकेदुखीसकट आठवायला हवा होता. गोळ्या मागत फिरायचा बिचारा. छिमेच्या सासूकडून कसलासा लेप लावून घ्यायचा आणि मग त्याचा वास येतो म्हणून वैतागायचा."

ऋता खळखळून हसली. वडील गेल्यापासून त्यांच्याबद्दल बोलताना ती पहिल्यांदाच अशी हसत होती. "अजून सांग," ती म्हणाली. हेमांगी सांगत राहिली. त्या दिवशी झेंड्या थोड्याच रोवून झाल्या.

शरदात नळ्या बसल्या. बर्फातून पांढऱ्या खांबांचं रानच उगवल्यासारखं दिसत होतं. मग घाट बंद झाले, हिवाळा आला, आणि त्या हिवाळ्याने आपलं काम केलं. रस्ता मोकळा झाल्यावर हेमांगी पुन्हा गेली तेव्हा ऋताच्या पडद्यावरची रेघ, हिमनदीची चाल दाखवणारी, सपाट पडली होती. नाल्यात वरच्या बर्फावरून आलेलं पाणी होतं. कमी, पण गोड. गंजलेले दगड होते तसेच होते, त्यांना वेळ लागणार होता. छिमेचा मुलगा वाटाणा पेरायला कुल्लूहून आला होता. खालची शेतं मात्र पडीक होती, आणि त्यांतलं एक छिमेचं होतं.

"बरं वाटतंय ना?" हेमांगीने तिला विचारलं.

छिमे अंगणात लोकर पिंजत होती. "पाणी बरं आहे," ती म्हणाली. मग लोकर बाजूला ठेवत म्हणाली, "कान मोकळे वाटतात. सासू गेली तेव्हा असंच झालं होतं. उभा जन्म तिचं बोलणं ऐकलं, कटकट वाटायची. मग एक दिवस घरात कुणी बोललंच नाही."

त्याच उन्हाळ्यात ऋताला पलीकडच्या खोऱ्यातून बोलावणं आलं. तिथेही नाला तांबडा होऊ लागला होता. मग आणखी कुठून. काळा दगड काही एकट्या तांगफुगखाली नव्हता. पलीकडच्या गावातल्या लोकांनी एकच अट घातली होती : ज्यांची हिमनदी थांबली त्यांच्यातलं कुणीतरी येऊन सांगू दे.

"मी येते," छिमे म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून ती ते खोरं सोडून फारशी कुठे गेली नव्हती. गाडीत ती पुढच्या सीटवर बसली आणि प्रत्येक वळणावर ड्रायव्हरला हळू चालवायला सांगत राहिली.

पलीकडच्या गावाची बोली वेगळी होती, म्हणून तिथेही बोलणं हिंदीतच झालं. बायका छिमेच्या भोवती बसल्या. पाणी कसं आहे, शेतं किती गेली, जनावरांचं काय, त्या विचारत होत्या आणि छिमे मोजकी उत्तरं देत होती. वरून त्यांच्या हिमनदीचा आवाज येत होता. घरघर, मग थांबून एखादा कडाका. त्या बायकांचं तिकडे लक्षही नव्हतं.

त्यांच्यातल्या एका तरुण बाईने विचारलं, "पस्तावा होतो का, काकी?"

"नाही," छिमे म्हणाली. "आठवण येते. पस्तावा वेगळा."

"मग आम्ही करावं?"

"करा. नाहीतर गाव उठेल." छिमेने वरच्या आवाजाकडे बोट दाखवलं. "पण एक सांगते. आम्ही हात वर केले आणि घरी गेलो. वाटाणे तोडायचे होते. वर कुणीच गेलं नाही. माझी नात चार वर्षांची आहे, तिने तो आवाज ऐकला असेल, पण तिला कुणी सांगितलं नाही की हा कसला आवाज. तुम्ही तसं करू नका. आधी सगळे वर जा. पोरांना न्या, जेवण न्या. बसा जरा हिमनदीजवळ. मग हात वर करा."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कुणीतरी म्हणालं, उद्याच जाऊ या, ऊन आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं गाव चढावर होतं. पाठुंगळीला मुलं, डब्यांची गाठोडी, काठ्या टेकत जाणारे म्हातारे. हेमांगीने छिमेचा हात धरला होता आणि दोघी दर थोड्या अंतरावर धापा टाकत थांबत होत्या. खूप वर टोकाशी पोचलेली मुलं बर्फाला कान लावून ओरडत होती.

खाली रस्त्यावर यंत्रांचा ट्रक येऊन उभा राहिला. ड्रायव्हरने ऋताला फोन लावला. सामान कुठे उतरवू, चाचणीचं पहिलं भोक आजच पाडायचं ना, त्याने विचारलं.

ऋता चढाच्या मध्यावर होती. तिने वर पाहिलं, मग खाली ट्रककडे.

"आज नको," ती म्हणाली. "आज गाव वर गेलंय."